पाण्यानें मरणारें झाड

हल्लीं कोणाच्याहि घरीं जावें, तों दिवाणखान्याच्या एखाद्या कोपऱ्यांत, जिन्याच्या वळणावर, नाहीं तर गॅलरीच्या कठड्याशीं एक झाड हटकून दृष्टीस पडतें. त्याला फांदी नाहीं, खोड दिसत नाहीं, आणि त्याचें फूल तर बहुतेकांनीं पाहिलेलेंच नसतें. मातींतून एकदम वर आलेलीं, तलवारीच्या पात्यासारखीं उभीं व जाड पानें, त्यांवर फिकट आणि गर्द हिरव्या रंगाचे आडवे नागमोडी पट्टे, आणि पुष्कळदां दोन्ही बाजूंस पिंवळा कांठ, एवढेंच त्याचें रूप. रोपें विकणारे त्याला 'स्नेक प्लांट' म्हणतात. इंग्रजींत त्याला 'सासूची जीभ' असेंहि एक नांव आहे. आमच्या घरीं मात्र हें दुसरें नांव उच्चारण्याची चाल नव्हती. कारण माझी आई आणि माझी पत्नी एकाच छपराखालीं बावीस वर्षें राहिल्या होत्या.

या झाडाविषयीं लिहिण्याचा मला अधिकार काय, असें कोणी विचारील. मी शेतकीचा पदवीधर नाहीं. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी धरली, छत्तीस वर्षें मुलांना संस्कृत व मराठी शिकविलें, आणि निवृत्त झालों. माझा अधिकार इतकाच कीं, असलें एक झाड मीं स्वतःच्या हातानें, आणि तेंहि सेवा करून, मारलेलें आहे. ज्यानें रोगी घालविला आहे त्याला रोगाचीं लक्षणें चांगलीं ठाऊक असतात, या न्यायानें वाचकांनीं माझें म्हणणें ऐकून घ्यावें.

तें झाड माझ्या पत्नीनें २००४ सालीं आणिलें होतें. आमच्या साताऱ्याच्या घराला पुढें पडवी आहे, पडवीसमोर तुळशीवृंदावन, आणि वृंदावनाच्या बाजूस पडवीच्या कडेला ही कुंडी. झाडें हें सर्वस्वीं तिचें खातें होतें. मी सकाळीं स्नान आटोपून शाळेंत जावें, संध्याकाळीं परत यावें, आणि झाडें हिरवीं आहेत एवढें पाहावें. २०१८ च्या चैत्रांत ती गेली. त्यानंतर तुळशीला पाणी घालण्याचें काम आपसूकच माझ्याकडे आलें. तुळशीला घालून तांब्यांत जें पाणी उरे, तें मी शेजारच्या या कुंडींत ओतीत असें. एक दिवस चुकूं दिला नाहीं. उन्हाळा होता तोंवर सर्व ठीक चाललें. पुढें आषाढाचा पाऊस सुरू झाला, पडवींत झडीचें पाणी येऊं लागलें, आणि माझा तांब्या चालूच राहिला.

श्रावणांत माझा मुलगा व सून पुण्याहून सणाला आलीं होतीं. सूनबाई पडवींत रांगोळी घालीत असतां म्हणाली, "अण्णा, या कुंडीला कसला हो वास येतो?" मी जवळ गेलों आणि एक पान सरळ करावें म्हणून हात लाविला, तों तें मुळापासून हातांत आलें. त्याचा बुंधा तपकिरी, बुळबुळीत, कुजलेल्या केळीसारखा झाला होता. दुसरेंहि तसेंच, तिसरेंहि तसेंच. वरून पाहिलें तर पानें अजून हिरवीं, पट्टे स्पष्ट, पिंवळा कांठ जसाच्या तसा. आंत मात्र सगळेंच संपलेलें.

समोरच्या वाड्यांतील वहिनी हा प्रकार पाहून आल्या. त्यांनीं विचारलें, "भाऊजी, पाणी किती घालीत होतां?" मीं म्हटलें, "रोज." त्या कांहीं वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "अहो, वहिनी त्याला महिन्यांतून दोनदां पाणी घालीत. पावसाळ्यांत तर मुळींच नाहीं. कुंडी भिंतीकडे सरकवून ठेवीत." चौदा वर्षें माझ्या डोळ्यांसमोर ती कुंडी दरवर्षीं आषाढांत भिंतीकडे सरकत होती आणि दसऱ्याला पुन्हां कडेला येत होती. मला तें कधीं दिसलें नाहीं.

असें कां झालें, याचा मीं पुढें पुष्कळ शोध घेतला, आणि तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों. या झाडाचें माहेर पश्चिम आफ्रिका; नायजेरियापासून काँगोपर्यंतचा उष्ण प्रदेश. कोरडेपणा सोसण्याची त्याची सिद्धता फार मोठी आहे. पान जाड असतें तें उगीच नव्हे. तें पाण्याचें कोठार आहे. जमिनीखालीं आल्यासारखें किंवा हळदीसारखें एक आडवें मांसल खोड असतें, तें दुसरें कोठार. शिवाय त्याची श्वासाची रीति इतर झाडांहून निराळी आहे. सामान्य झाडें दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रें उघडून हवेंतील कर्बवायु आंत घेतात, आणि तीं छिद्रें उघडीं असतां उन्हानें पानांतील पाणीहि उडून जातें. हें झाड दिवसा आपलीं दारें बहुतेक लावूनच घेतें. रात्रीं गारवा झाला कीं तीं उघडावीं, कर्बवायु आंत घेऊन आम्लाच्या रूपानें सांठवून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीं ऊन आल्यावर, दारें मिटून, त्या सांठ्यावर अन्न शिजवावें, असा त्याचा क्रम आहे. अननस आणि निवडुंग याच पंथांतले. अशा काटकसरी कुटुंबाला पाणी फार थोडें लागतें.

मुळांनाहि हवा लागते, हें आपण विसरतों. मातीच्या कणांमधील फटींत जी हवा असते तिच्यावर मुळें जगतात. तुळस वा जास्वंद पाणी भराभर ओढून घेते, त्यामुळें माती लवकर सुकते आणि फटी मोकळ्या होतात. हें झाड पाणी ओढीतच नाहीं. घातलेलें पाणी मातींतच राहतें, फटी बुजतात, मुळें गुदमरतात, आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढून ती खोडांत शिरते. पानांत मात्र सांठा असतो, म्हणून तीं कित्येक आठवडे हिरवींच दिसतात. रोग वर दिसेपर्यंत खालीं सर्व नाश झालेला असतो तो यामुळें. आणखी एक दुर्दैवाची गोष्ट अशी कीं, मुळें कुजलीं म्हणजे पानाला पाणी मिळेनासें होऊन तें किंचित् सुरकुततें, आणि तें पाहून भाबडा माणूस आणखी पाणी घालतो.

आतां पाणी केव्हां द्यावें? वारांवर किंवा तिथीवर ही गोष्ट ठरवूं नये. मीं एक युक्ति काढली आहे. जळून गेलेल्या उदबत्तीची उरलेली काडी घ्यावी. ती आंखूड वाटल्यास झाडूची जाड काडी घ्यावी. आणि कुंडीच्या कडेनें थेट तळापर्यंत खुपसावी. पांच मिनिटांनीं बाहेर काढून पाहावी. काडीला ओली माती चिकटून आली तर तांब्या परत न्यावा. काडी कोरडी खडखडीत निघाली म्हणजे मग पाणी द्यावें, आणि तें मात्र भरपूर द्यावें, म्हणजे तळाच्या भोंकांतून निथळून बाहेर येईल इतकें. खालच्या ताटलींत सांठलेलें पाणी लगेच फेकून द्यावें. घोट घोट पाणी रोज घालण्यापेक्षां ही रीति फार बरी. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत दहा-बारा दिवसांनीं, हिंवाळ्यांत महिन्या-सव्वा महिन्यानें काडी कोरडी निघते. पावसाळ्यांत कुंडी छपराखालीं असावी. त्या दिवसांत काडी सहा सहा आठवडे कोरडी निघत नाहीं. पाणी मातीवर घालावें. पानांच्या मधोमध जो पोंगा असतो त्यांत घालूं नये, तेथें तें सांचून कूज धरते.

कुंडी मातीची असावी. तिच्या अंगांतून ओल बाहेर पडते, हा तिचा गुण चिनी मातीच्या वा प्लॅस्टिकच्या सुबक भांड्यांत नाहीं. आणि कुंडी फार मोठी घेऊं नये. मोठ्या कुंडींत माती पुष्कळ, म्हणजे ओलहि पुष्कळ. हल्लीं दुकानांतून तळाला भोंक नसलेल्या रंगीत कुंड्या मिळतात. शोभेसाठीं त्या बाहेरून असाव्यात, झाड आंतल्या भोंकाच्या कुंडींत असावें. माती करतांना दोन भाग साधी लाल माती, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग विटेचा चुरा, आणि मूठभर चांगलें कुजलेलें शेणखत, एवढें पुरे. खताची या झाडाला हांव नाहीं. वर्षांतून एकदां, फाल्गुनांत, वरची माती उकरून थोडें खत मिसळलें कीं झालें.

उजेडाविषयीं एक गैरसमज सर्वत्र आहे. हें झाड अंधारांत वाढतें, असें विकणारे सांगतात. अंधारांत तें *वाढत* नाहीं, *टिकतें*. दोहोंत अंतर आहे. अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवलेलें झाड दोन वर्षें तसेंच्या तसें उभें असतें, म्हणून मालक खूष असतो. परंतु नवें पान येत नाहीं, पट्टे फिके होतात. त्याला उजेडाची जागा द्यावी. सकाळचें कोंवळें ऊन मानवतें. मात्र जें झाड महिनोंमहिने घरांत होतें तें एकदम वैशाखाच्या उन्हांत नेऊन ठेवलें, तर पानांवर पांढुरके भाजल्याचे डाग पडतात आणि ते पुन्हां भरून येत नाहींत. म्हणून आठ-दहा दिवसांत हळूहळू सरकवीत न्यावें. थंडीचें त्याला वावडें आहे. पारा दहा अंशांखालीं गेला तर पानें पाणथळ होऊन मऊ पडतात. महाबळेश्वराकडे राहणाऱ्यांनीं हिंवाळ्याच्या रात्रीं कुंडी घरांत घ्यावी. पानांवर धूळ बसते, ती ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. पानांच्या बेचक्यांत कापसासारखी पांढरी कीड कधीं कधीं दिसते; ती साबणाच्या पाण्यांत बुडविलेल्या बोळ्यानें पुसून काढतां येते.

येथवर व्यवहार झाला. आतां माझ्या धंद्याचा थोडा विषय काढतों. ज्यांना गोडी नसेल त्यांनीं पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. संस्कृताच्या माणसाला या झाडाकडे पाहून एक शब्द आठवल्यावांचून राहत नाहीं, तो म्हणजे 'मूर्वा'. मनुस्मृतींत बटूच्या मेखलेचे प्रकार सांगितले आहेत. ब्राह्मणाला मुंज गवताची, क्षत्रियाला मूर्वेची, वैश्याला तागाची. पहिल्या प्रकारावरून आपण त्या सबंध संस्कारालाच मुंज म्हणूं लागलों. दुसरा प्रकार म्हणजे धनुष्याची दोरीच. मूर्वेपासून झाली म्हणून ती 'मौर्वी'. काव्यांत मौर्वी हा शब्द आला कीं मी मुलांना 'मौर्वी म्हणजे प्रत्यंचा' असें छत्तीस वर्षें सांगत आलों, आणि घरीं पडवींत मूर्वेची चुलत बहीण उभी होती. बंगालकडील वैद्य ज्या वनस्पतीला मूर्वा म्हणतात ती याच जातकुळींतील, भारतांत रानटी उगवणारी आहे; तिच्या पानांतील तंतु पांढरे व बळकट असतात, आणि इंग्रजींत या कुळाला धनुष्याच्या दोरीचा ताग अशा अर्थाचें नांव आहे. कलकत्त्याच्या सरकारी उद्यानाचे अधीक्षक रॉक्सबर्ग यांनीं कोरोमांडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या ग्रंथांत तिच्या तंतूंविषयीं लिहिलें आहे, आणि तिचें शास्त्रीय नांवहि पुढें त्यांच्यावरूनच पडलें. आपल्या महाराष्ट्रांतील वैद्य मात्र मोरवेलीला मूर्वा म्हणतात, आणि ती तर वेल आहे. अमरकोशांत मूर्वेला मधुरसा, गोकर्णी अशीं नांवें आहेत. तीं ज्यानें त्यानें आपल्या झाडाला लावून पाहावीं. माझा कल बंगाली वैद्यांकडे आहे, कारण दोरी वळण्यास पान अधिक सोयीचें. पण हा मास्तराचा तर्क आहे, वैद्याचा नव्हे.

आपल्या कुंडींतील आफ्रिकी झाडाचें नामकरणहि त्याच कलकत्त्याच्या उद्यानाशीं जोडलेलें आहे. रॉक्सबर्ग यांच्याच जागेवर पुढें आलेले डेव्हिड प्रेन यांनीं १९०३ सालीं 'बेंगॉल प्लँट्स' या ग्रंथांत त्याला 'सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा' हें नांव दिलें. शंभराहून अधिक वर्षें हें नांव चाललें. नंतर वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करून विद्वानांनीं ठरविलें कीं, हें कूळ 'ड्रॅसीना' या कुळाहून वेगळें काढतां येत नाहीं. आणि २०१७ सालीं त्याचें 'ड्रॅसीना ट्रायफॅसिएटा' असें पुन्हां बारसें झालें. ड्रॅसीना हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ नागीण. म्हणजे शास्त्रज्ञांनीं नांव बदलून अखेर बाजारच्या नांवापाशींच आणून ठेविलें. बागवान मंडळी अजून जुनेंच नांव वापरतात.

असो. या झाडाचा एवढा प्रसार झाला त्याचें एक कारण हवेविषयींची त्याची कीर्ति. 'हें झाड रात्रीं प्राणवायु सोडतें, निजण्याच्या खोलींत ठेवा,' असें सुशिक्षित माणसेंहि सांगतात. यांत अर्धें सत्य आहे. रात्रीं तें कर्बवायु घेतें हें खरें. तें वर सांगितलेंच आहे. पण प्राणवायु निर्माण होण्यास उजेड लागतो, आणि तें काम तें इतर झाडांप्रमाणें दिवसाच करतें. दुसरी कीर्ति अशी कीं, तें हवेंतील विषारी वायु शोषून घेतें. याला आधार १९८९ सालच्या, अमेरिकेच्या नासा संस्थेसाठीं झालेल्या प्रयोगांचा देतात. ते प्रयोग खरे आहेत. परंतु ते लहानशा बंद पेटींत केलेले होते. आपलें घर बंद पेटी नव्हे. दारें, खिडक्या, फटी यांतून हवा सारखी बदलत असते. २०१९ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं असे अनेक प्रयोग एकत्र घेऊन हिशेब केला. त्यांचा निष्कर्ष असा कीं, साध्या वाऱ्यानें होणारी हवेची शुद्धि झाडांकडून करून घ्यावयाची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडें लागतील. माझी खोली दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे सुमारें ११ चौरस मीटर. तिच्यांत कमींत कमी ११० कुंड्या ठेवाव्या लागतील, आणि मला पडवींत निजावें लागेल. त्यापेक्षां खिडकी उघडावी. झाड ठेवावें तें डोळ्यांना बरें वाटतें म्हणून. तेवढें कारण मला पुरेसें वाटतें.

एक सूचना लहान मुलें आणि मांजर-कुत्रीं असलेल्या घरांसाठीं. या झाडाच्या पानांत रिठ्यांतल्यासारखीं फेंस आणणारीं द्रव्यें असतात. जनावरानें पान चावलें तर लाळ गळणें, ओकारी, जुलाब होतात. मुलाच्या तोंडाची आग होते, पोटांत ढवळतें. फार भयंकर विष नव्हे, पण रांगतें मूल असेल तर कुंडी उंचावर असावी.

आतां माझ्या मेलेल्या झाडाचें पुढें काय झालें तें सांगतों. खोड सर्व कुजलें होतें, पण एका पानाचा वरचा अर्धा भाग कडक व निरोगी होता. याच्या पानापासून झाड करतां येतें, असें वहिनींनींच सांगितलें. पान आडवें कापून चार चार बोटांचे तुकडे करावयाचे. कापलेल्या कडा सुकण्यासाठीं दोन-तीन दिवस सावलींत ठेवावयाचे. मग खालची बाजू खालीं करून वाळूमिश्रित मातींत दीड बोट खोंचावयाचे. तुकडा उलटा लागला तर मूळ धरीत नाहीं, म्हणून कापतांनाच वरच्या बाजूस खडूनें खूण करावी. खडू मजपाशीं पुष्कळ होते. मला तीन तुकडे मिळाले. एक कुजला. दोहोंना दोन महिन्यांनीं मुळें आलीं, आणि पुढें फाल्गुनापर्यंत कांहींच झालें नाहीं. मी रोज सकाळीं तुळशीला पाणी घालून रिकामा तांब्या घेऊन त्या कुंडीपाशीं उभा राही आणि आंत जाई. होळीच्या सुमारास मातींतून एक कोंब वर आला.

तो कोंब पाहून मला जो आनंद झाला तो मीं पुण्यास फोन करून कळविला. पान उलगडूं लागलें. हिरवें, त्यावर पट्टे. परंतु कांठाला पिंवळा रंग नाहीं. लहान आहे, पुढें येईल, असें वाटलें. दुसरें पान आलें, तेंहि हिरवें. तिसरें आलें. माझ्या पत्नीच्या झाडाचा पिंवळा कांठ दुरून, फाटकांतून येतांच दिसे. संध्याकाळच्या वेळीं तर पडवींत दिवा लावण्याआधीं तेवढाच उजळ असे. हें झाड तिच्या झाडाच्याच पानाचें, पण तिचें नव्हे, असें कांहींसें मला वाटूं लागलें. मातीचा दोष असेल म्हणून माती बदलली. उजेड बदलून पाहिला.

दोष कशाचाच नव्हता. पिंवळ्या कांठाचा जो प्रकार आहे तो काँगोंतून युरोपांत गेला, आणि एमिल लॉराँ या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नांवावरून त्याला 'लॉरेंटी' म्हणतात. त्याच्या अंगांत दोन प्रकारच्या पेशी शेजारीं शेजारीं नांदत असतात; एका प्रकारांत हरितद्रव्य आहे, दुसऱ्यांत नाहीं. हरितद्रव्य नसलेल्या पेशी कांठाला येतात म्हणून कांठ पिंवळा. खोडावरील डोळ्यांत दोन्ही प्रकार असतात, म्हणून खोडापासून फुटलेल्या पिलाला कांठ येतो. कापलेल्या पानाच्या तुकड्यावर जो नवा डोळा तयार होतो तो मात्र हिरव्या पेशींपासूनच होतो. म्हणून पानापासून केलेलें झाड नेहमींच साधें हिरवें निघतें, कितीहि वर्षें वाट पाहिली तरी. ज्यांना पिंवळ्या कांठाचें झाड वाढवावयाचें आहे त्यांनीं पान लावूं नये. खोडासकट पिलूंच वेगळें करावें. ही एक ओळ मला आधीं कोणी सांगितली असती तर माझें एक वर्ष वांचलें असतें, म्हणून ती येथें आवर्जून लिहितों.

मीं हें वहिनींना सांगितलें. त्या हंसल्या आणि मला त्यांच्या वाड्याच्या जिन्यावर घेऊन गेल्या. जिन्याच्या वळणावर एक फुटकी कुंडी होती, आणि तिच्यांत दाटीवाटीनें उभीं, छातीइतकीं उंच, धुळीनें भरलेलीं पानें. वहिनींनीं पदरानें एक पान पुसलें. पिंवळा कांठ. "हें तुमच्याच घरचें," त्या म्हणाल्या. "वहिनींनीं मला संक्रांतीला दिलेलें. वाण म्हणून. दहा वर्षें तरी झालीं असतील."

कुंडी फुटली होती ती खोडाच्या जोरानें. याचें खोड कुंडी भरली म्हणजे भिंतीवर रेटूं लागतें आणि मातीची कुंडी सहज तडकवितें. तेंच वेगळें करण्याचें चिन्ह समजावें. आम्हीं फाल्गुन येईतों थांबलों, कारण कापलेलें खोड थंडींत किंवा पावसांत लवकर भरून येत नाहीं. मग झाड बाहेर काढून, माती झटकून, खोड धारदार सुरीनें असें तोडलें कीं प्रत्येक भागाला दोन-तीन पानें आणि थोडीं मुळें राहतील. कापलेल्या जागीं हळद लाविली, ही वहिनींची पद्धत. दोन दिवस सावलींत वाळविलें, मग लाविलें, आणि पहिले आठ दिवस पाण्याचा थेंब घातला नाहीं. एक भाग वहिनींच्या जिन्यावर परत गेला, एक माझ्याकडे आला. हें २०२० सालचें.

हिरवें झाडहि मीं ठेविलें आहे. दोन्ही कुंड्या पडवीच्या कडेला शेजारीं शेजारीं असतात. आषाढांत मी त्या भिंतीकडे सरकवितों. एका कुंडीचा उन्हानें रंग उडाला आहे, दुसरीला शेवाळ धरलें आहे, तीहि एकदां घांसावयास हवी.

२०२३ च्या वैशाखांत पिंवळ्या कांठाच्या झाडाच्या बुडाशीं एक बारीक दांडा निघाला. मला वाटलें नवें पान आलें. चार-सहा दिवसांत तो हातभर झाला आणि त्यावर हिरवट पांढऱ्या, बारीक पाकळ्यांच्या कळ्या आल्या. रात्रीं नऊ वाजल्यानंतर त्या उमलत आणि मंद गोड वास पडवीभर पसरे. देंठाशीं मधासारखा चिकट थेंब लोंबे. मीं वहिनींना हांक मारून दाखविलें. त्या म्हणाल्या, "पूर्वीं एकदां फुललें होतें कीं. वहिनींनीं मला रात्रीं बोलावून आणलें होतें. तुम्ही आंत पेपर तपाशीत बसलां होतां."

फुललेल्या पोंग्याला पुन्हां नवें पान येत नाहीं. तो तसाच उभा राहतो आणि झाड बाजूला नवीं पिलें काढतें. तशीं दोन पिलें कुंडीच्या कडेला निघालीं आहेत. येत्या फाल्गुनांत त्यांतलें एक काढून सूनबाईला पुण्यास द्यावयाचें आहे. तिच्या गॅलरींत पूर्वेचें ऊन येतें. कुंडीबरोबर उदबत्तीच्या काड्यांची एक जुडीहि मीं बांधून ठेविली आहे.